कोपऱ्यापर्यंत

गल्ल्यावरचं यंत्र दोनदा ओरडलं आणि त्याचा पडदा लाल झाला. मिनबाईंनी सँडविचचं खोकं पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं आणि पुन्हा उजेडासमोर धरलं. यंत्र पुन्हा ओरडलं.

"वेळ टळली," त्या म्हणाल्या. "दहाची मुदत होती. दहा वाजून तीन मिनिटं झाली."

मी म्हटलं, तीन मिनिटांत असं काय नासतंय. त्यावर त्यांनी सांगितलं की नासत काही नाही, पण मुदत टळलेला खाण्याचा माल हे यंत्र विकूच देत नाही. दुकान त्यांचं असलं तरी यंत्र त्यांचं ऐकत नाही.

बुनिम दोन्ही हात गल्ल्यावर ठेवून उभी होती. चष्मा अजून नाकावर होता. चूक तिचीच होती आणि ते तिला कळत होतं. आम्ही दुकानात आलो तेव्हा दहाला वीस कमी होते. मिनबाईंनी आदल्या संध्याकाळच्या गाडीतून आलेलं एक सँडविच तिच्यासाठी मागच्या कपाटात दडवून ठेवलं होतं. ते हातात आल्यावर सरळ पैसे देऊन मोकळं व्हावं की नाही? बुनिमने चष्मा लावला आणि खोकं वाचायला घेतलं. आधी पुढून वाचलं, मग मागून. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं, त्यावर तिचं बोट एकेक पाऊल टाकत चाललेलं. मी दोनदा हटकलं. "अगं बाई, परीक्षा नाहीये, खायचं आहे ते." तिने बोट न उचलता मला थांब म्हणून खूण केली, कारण बोट उचललं तर जागा हरवते. आम्ही दोघी एकाच वर्गात शिकलो, त्यामुळे ते मला माहीत आहे.

मिनबाई भल्या बाई. म्हणाल्या, "मावशी, असंच घेऊन जा. मला तरी ते टाकूनच द्यायचंय."

"नको," बुनिम म्हणाली.

"अहो, चांगलं आहे. मी स्वतः खाते की मुदत टळलेलं."

"चांगलं आहे ते मला ठाऊक आहे. पण टाकलेलं नको. मला विकत घ्यायचंय."

दुपारच्या गाडीने आणखी दोन यायची होती. दोन वाजता. बुनिमने खोकं गल्ल्यावर ठेवलं, त्याला हलकेच थोपटलं आणि दोन वाजता येते म्हणाली.

मी तिला रस्त्याने चांगली झापली. त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं, चौथं वर्षश्राद्ध. मासा परतायचा होता, भाजीची धिरडी तळायची होती, फळं सोलायची होती, आणि ही बाई सकाळी सहाला माझं दार ठोठावून विचारत होती की दुकानात किती वाजता जायचं. गेले आठ दिवस तिचं हेच चाललं होतं. टीव्हीवर त्या सँडविचची जाहिरात लागली की ती माझ्या घरी धावत यायची, जणू काही माझ्या टीव्हीवर ते वेगळं दिसणार होतं. काळं खोकं, त्यावर सोनेरी अक्षरं, पांढरी उंच टोपी घातलेला एक हसरा आचारी. साध्या सँडविचच्या दुप्पट किंमत. आमच्या जोचिवॉन गावातल्या त्या दुकानात दिवसाला चार यायची आणि स्टेशनकडची नोकरदार माणसं ती उचलून न्यायची. बुनिम तीनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आली होती. एकोणसत्तर वर्षांची बाई आणि डोळे असे चमकत होते की जणू सहलीला निघाली आहे.

मी चौऱ्याहत्तरची. तीस वर्षं सार्वजनिक स्नानगृहात लोकांच्या पाठी घासल्या आहेत मी, मला माणसाची कातडी पाहून वय सांगता येतं. त्या सकाळी मला बुनिमचं वय सांगता आलं नसतं.

घरी येऊन आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, विजेचा तवा मांडला आणि तळायला बसलो. बाहेर झाडावर किडे किरकिरत होते. पंखा लावला तर तेल उडतं, म्हणून पंखा बंद. मी भोपळ्याच्या चकत्या पिठात घोळवायची, ती अंड्यात बुडवून तव्यावर सोडायची. तिची उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. थंडीने गेलेली बोटं आहेत ती.

सतरा वर्षं ती सँडविचच्या कारखान्यात होती. गावाबाहेर मोठी वसाहत आहे, तिथे. अशा दुकानांत जे काही त्रिकोणी पाकिटातून मिळतं ते सगळं तिथे बनतं. आत कायम हिवाळा, कारण अंडं आणि मांस उबेला ठेवून चालत नाही. दुहेरी हातमोजे, डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं, फक्त डोळे उघडे. पट्टा सरकत राहायचा आणि प्रत्येक बाईने एकच गोष्ट करायची. पहिलीने पाव ठेवायचा, दुसरीने लोणी लावायचं, तिसरीने अंड्याचं मिश्रण टाकायचं, चौथीने हॅम. चौथी म्हणजे बुनिम. तिच्यापुढून दिवसाला किती पाव गेले ते तिने कधी मोजलं नाही. मोजायला लागलं की हात मागे पडतो, असं ती सांगायची.

हॅमचे दोन काप, मधोमध दुमडून. हा नियम होता. पाव चौकोनी, तो पुढे जाऊन तिरका कापला जाई, आणि कापलेलं तोंड पाकिटात पुढे ठेवलं जाई. दुकानात उभा असलेला माणूस तेच तोंड बघतो. म्हणून सगळं काही मध्ये रचायचं, तिरक्या रेघेवर. तोंड बघाल तर भरगच्च, गुलाबी, पिवळं, हिरवं. आणि मागचा कोपरा कोरडा. नुसता पाव. लाइनचे प्रमुख पेकसाहेब नव्या बायकांना शिकवताना म्हणायचे की गिऱ्हाईक डोळ्यांनी विकत घेतं, कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पैसे देऊन झालेले असतात. ते वाईट होते असं नाही. त्यांनाही वरून तसंच सांगितलेलं होतं.

बुनिमला हे पहिल्यापासून खटकत होतं असंही नाही. नोकरी ती नोकरी. खटकायला लागलं ते नवऱ्यामुळे.

तिचा नवरा घरांच्या भिंतींना कागद लावायचा. नवं घर असो नाहीतर जुनं, खोलीच्या चारी भिंतींवर नि छतावर कागद डकवायचा, सुरकुती न पडू देता. कमी बोलणारा माणूस, पण कामाबद्दल बोलायला लागला की ऐकत बसावं. तो म्हणायचा, भिंत कुणीही लावेल, कारागीर कोपऱ्यात कळतो. कोपऱ्यात कागद नीट बसला नाही की पावसाळ्यात तिथूनच सुटतो. माझ्या घराचा कागद त्यानेच लावला आहे. एकवीस वर्षं झाली, चारी कोपरे जागच्या जागी आहेत.

कारखान्यात पाव फाटला, तोंड वाकडं कापलं गेलं की तो माल बाजूला पडायचा, आणि बायका तो पिशवीतून घरी न्यायच्या. बुनिमच्या घरात रात्रीचं जेवण कितीदा तेच असायचं. मुलगा तेसू पुढून खायचा, सगळे खातात तसं. नवरा मात्र सँडविच उलटं धरायचा. कोपऱ्याकडून सुरुवात. कोरडं आधी संपवावं म्हणजे शेवट गोड होतो, हे त्याचं म्हणणं. एकदा असंच खाता खाता तो तिला म्हणाला, "बुनिम, तुझ्या खोलीचा कोपरा उघडा राहिलाय गं."

थट्टाच होती. तीही हसली. मग उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. हे तिने मला धिरडी तळतानाच सांगितलं, त्या दिवशी. इतक्या वर्षांच्या शेजारात आधी कधी सांगितलं नव्हतं.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं," मी म्हटलं. "गेला बिचारा खाऊनपिऊन."

"खाऊन गेला. कोपरे खाऊन गेला," ती म्हणाली आणि चकत्या उलटायला लागली.

तो गेल्यावर ती आमच्या वर्गात आली. वस्तीच्या सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी एक निवृत्त गुरुजी म्हाताऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. मी तिच्या आधी वर्षभर जात होते. लहानपणी आमच्यातल्या कुणाला कुणी शाळेत घातलं नाही. भाऊ गेले, आम्ही भाऊ सांभाळले. बुनिम हुशार निघाली. बसवरची पाटी वाचता आली त्या दिवशी तिने दोन थांबे पुढे जाऊन परत चालत येण्याची मजा केली, केवळ आणखी पाट्या वाचायला मिळाव्यात म्हणून.

कारखान्याच्या जेवणघराबाहेर एक पेटी होती. सूचना टाकायची पेटी. पंधरा वर्षं ती तिच्यासमोरून गेली, त्यावर काय लिहिलंय हे न कळता. ते वाचता आल्यावर तिने सूचना लिहायला घेतली. तिने आयुष्यात लिहिलेला तो पहिला कागद, वर्गातल्या वह्या सोडल्या तर. माझ्या जेवणाच्या मेजावर बसून लिहिला. अकरा कागद फाडले. बाराव्यावर जे उरलं ते मला पाठ आहे, कारण तिने ते मला बारा वेळा वाचून दाखवलं होतं.

"आपण मध्ये भरतो आणि कोपरा रिकामा ठेवतो. खाणारा कोपराही खातो. हॅमचा तिसरा काप घ्यावा, तिरका कापून त्याचे दोन त्रिकोण करावेत, आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक ठेवावा. कापलेली बाजू आत. कोपरा कोपऱ्याला लागला पाहिजे. पाचवी लाइन, बुनिम."

पेटीत कागद टाकल्यावर तिने आठ महिने वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही. शेवटी वय झालं म्हणून तिला नोकरीतून निरोप दिला, त्या दिवशी तिने पेकसाहेबांना विचारलं. ते ओशाळून म्हणाले की ती पेटी वर्षातून एकदाच उघडतात, झाडलोट करताना.

हे दोन वर्षांपूर्वीचं. आणि आता टीव्हीवर तो उंच टोपीवाला हसत हसत सांगत होता की हे सँडविच शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरलेलं आहे.

तर ती उगीच आठ दिवस नाचत नव्हती. तिला एवढंच बघायचं होतं की कोपऱ्यात काय आहे. नुसतं अंडं जास्त पसरून भरलेला कोपरा असेल, तर तो त्या आचाऱ्याचा. हॅमचा त्रिकोण असेल, कापलेली बाजू आत असेल, तर ते तिचं. तिचा कागद कुणीतरी वाचला की झाडून टाकला, ते त्या पाकिटात होतं.

मी म्हटलं, "मग सकाळी फुकट मिळत होतं तेच उघडून बघायचं ना? कोपरा तोच."

 तिने मासा उलटला. शेपूट न तुटता उलटला, त्याचंच कौतुक करत राहिली.

दीड वाजता आम्ही दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. बुनिमने केस विंचरले होते आणि ठेवणीतला फिका जांभळा सदरा घातला होता. मी विचारलं, "सँडविच तुला बघायला येणार आहे का?" ती म्हणाली, "गप गं ताई, गाडी येते का बघ." मिनबाईंनी आम्हाला त्यांच्या दिराच्या बागेतले पीच आणून दिले, मोठे, रसाने फुटायला आलेले. बुनिमने एक तिथेच खाल्ला, पण घरी न्यायला नको म्हणाली. आज घरात पीच नको. मिनबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. पीचला पितर भितात, श्राद्धाच्या दिवशी ते फळ उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. आमचं गाव पीचसाठी नावाजलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात मेलेल्यांची मोठी पंचाईत होते.

दोन वाजले. गाडी नाही. सव्वादोन. बुनिम उठून रस्त्याच्या कडेला गेली, परत आली. अडीचला पाच कमी असताना गाडी आली आणि तिच्याबरोबर नेमका गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण बँकवालाही आला. गाडीवाल्याने पेट्या आत नेल्या. मिनबाईंनी झाकण उघडलं. सगळ्यात वर दोन काळी खोकी. बँकवाल्याने सरळ हात घालून एक उचललं. बुनिमने दुसऱ्यावर हात ठेवला, पण तिची ती दोन बोटं वळेनात. खोकं दोन पेयांच्या बाटल्यांमध्ये अडकलं होतं. बँकवाल्याचा दुसरा हात पुढे आला. मी स्नानगृहातला माझा जुना आवाज काढला. "ए बाळा, हात मागे."

तो बिचारा मदतच करत होता. त्याने खोकं मोकळं करून दोन्ही हातांनी, वाकून, तिच्या हातात दिलं. मला जरा लाज वाटली. फार नाही.

ह्या खेपेला बुनिमने चष्मा लावलासुद्धा नाही. सरळ गल्ल्यावर. यंत्र एकदाच वाजलं, बारीक, गोड, आणि पडदा हिरवा झाला. बुनिम त्या पडद्याकडे बघत राहिली आणि मिनबाईंना म्हणाली, "पुन्हा एकदा वाजवता का?"

"वाजवते की. दुसऱ्याचे पैसे काढा," मिनबाई म्हणाल्या.

बुनिमने पावती मागून घेतली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आम्ही बाहेर आलो.

खोक्यात दोन त्रिकोण, तोंडाला तोंड लावून. रंग जाहिरातीत होता त्याहून थोडा कमी, पण देखणं होतं. बुनिमने एक मला दिला.

"तू?"

"तू खा आधी. पुढून खा. सगळे खातात तसं."

मी खाल्लं. आता खरं सांगायचं तर मी अशा दुकानातलं सँडविच कधी आवडीने खाल्लेलं नाही. मला भात हवा, सूप हवं. पण हा पाव मऊ होता, लुसलुशीत, लोण्याचा वास होता त्याला, अंडं दाटसर, हॅम दातांखाली जाणवेल इतकं जाड. पहिल्या घासातच माझी मान डोलली. बुनिम माझ्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोराची आई बघते तशी. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. आता साध्या सँडविचमध्ये तिसऱ्या घासाला नुसता पाव लागायला हवा. लागला नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली.

उरलेला कोपरा तिने माझ्या हातातून घेतला. मेजावर कागदी रुमाल पसरला, त्यावर तो ठेवला आणि वरचा पाव नखाने हळूच उचलला, झोपलेल्या लेकराचं पांघरूण उचलावं तसा.

आत हॅमचा त्रिकोण होता. कापलेली सरळ बाजू आत, आणि टोक थेट पावाच्या टोकाला भिडलेलं.

 मी मोठ्याने ओरडले असणार, कारण मिनबाई बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उलटसुलट, मध्येच पेटी, मध्येच पेकसाहेब. मिनबाईंनी रिकामं खोकं उचललं आणि वाचून दाखवलं. चाळीस वर्षांच्या अनुभवातून सुचलेली आचाऱ्याची खास कल्पना, असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. माझं डोकंच फिरलं. खोक्याच्या तळाशी तक्रारीचा फोन नंबर होता. मी म्हटलं, लावा फोन, विचारते मी त्या टोपीवाल्याला, कोपऱ्यात काप तिरका ठेवायचा हे तुला कोणत्या हॉटेलात सुचलं.

बुनिमने मिनबाईंच्या हातून खोकं काढून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता, सगळ्या सुरकुत्यांनिशी.

"म्हणजे कुणीतरी वाचलं, ताई," ती म्हणाली.

"अगं, पण नाव त्याचं..."

"माझं अक्षर वाचलं कुणीतरी. वाचता आलं त्यांना." ती पुन्हा त्या त्रिकोणावर वाकली. बोटाच्या टोकाने हॅम केसभर डावीकडे सरकवलं, नीट बसवलं. "हात नवा आहे कुणाचा तरी. जरा घाई करते. शिकेल."

मग वरचा पाव परत झाकून तो कोपरा तिने मला भरवला. तो घास मी चावत असताना ती दुसरा त्रिकोण खोक्यात परत ठेवत होती. मी म्हटलं, अगं, तू खा की आता, आठ दिवस जीव टाकलास. ती म्हणाली, संध्याकाळी.

पूर्वी श्राद्ध मध्यरात्री व्हायचं. हल्ली सगळे दिवेलागणीलाच उरकतात. तेसू कोजे बेटावर जहाजांच्या कारखान्यात आहे, त्याला पाळी सोडून येता आलं नाही. फोनवर आईला म्हणाला, तूच कर, बाबा काही म्हणणार नाहीत. मी घरची नाही, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिले. बुनिमने बाहेरचं दार थोडं किलकिलं ठेवलं, पाहुण्याला आत येता यावं म्हणून. फोटोसमोर मेज मांडलं. भात, सूप, मद्याची वाटी. माशाचं डोकं पूर्वेला, शेपूट पश्चिमेला. आम्ही तळलेली धिरडी, सफरचंद, नासपती, खजूर. प्रत्येक गोष्टीची दिशा ठरलेली असते आणि तिने ती एकेक करून, ताटल्या थोड्या थोड्या फिरवून, साधली.

मग तिने सगळ्यात पुढच्या रांगेत, उंच बैठकीच्या ताटलीत, सँडविचचा तो त्रिकोण ठेवला.

दुकानात ते जसं ठेवतात तसं तोंड पुढे करून नाही. रंगीत तोंड तिने स्वतःकडे केलं. कोपरा फोटोकडे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी ती वीस मिनिटं काय वाचत होती ते. श्राद्धाच्या ताटात लाल तिखट चालत नाही, लसूण चालत नाही. वासाने पितर मागे फिरतात. ती त्या मुंगीएवढ्या अक्षरांतून लसूण आणि तिखट शोधत होती. आणि मुदत टळलेलं, टाकून द्यायचं सँडविच तिला का नको होतं, हेही मला कळलं. टाकलेलं त्याने जन्मभर खाल्लं होतं.

तिने खाली वाकून दोनदा डोकं टेकवलं, सावकाश, गुडघ्यांचा आवाज होऊ न देता. उठून चॉपस्टिक्स आधी माशावर ठेवल्या. जरा वेळाने तिथून उचलून सँडविचवर, कोपऱ्याकडच्या बाजूला ठेवल्या. मग ती बाजूला झाली आणि तोंड फिरवून उभी राहिली, कारण जेवणाऱ्याकडे बघत उभं राहू नये.

बराच वेळ गेला. नेहमीपेक्षा जास्त. 

शेवटी तिने मला आत बोलावलं. श्राद्ध झालं की ते अन्न मागे उरलेल्यांनी खायचं असतं. तिने मद्याची वाटी अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. मी विचारलं, "लसूण नव्हतं ना?"

"नव्हतं. तीनदा वाचलं," ती म्हणाली.

मग तिने ताटलीतून सँडविच उचललं. तोंडाशी नेता नेता थांबली आणि हातातल्या हातात ते उलटं फिरवलं. कोपरा आधी. एक घास घेतला आणि चावत राहिली, भिंतीकडे बघत, वर छताजवळ जिथे दोन भिंतींचा कागद एकमेकांना मिळतो तिथे. दुसरा घास छोटा घेतला. मान डोलावली.

उरलेला भाग, पुढचा, रंगीत, भरगच्च, तिने ताटलीसकट माझ्यापुढे सरकवला. तिचं खाऊन झालं होतं.